कात्रण-सेवेचे सहा महिने : नागरिकशास्त्राच्या बातम्या शोधताना

एप्रिल ते सप्टेंबर २०२५ असे सहा महिने मी फोर्टमधल्या एका वृत्तपत्र-कात्रण सेवेचा वर्गणीदार होतो. सेवेचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि त्यांतल्या निम्म्या या धंद्याच्याच आहेत, त्याचे खापर एकट्या त्यांच्यावर फोडणे योग्य होणार नाही. परळच्या एका मराठी शाळेत मी एकतीस वर्षे इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर दादरला आमचे एक छोटे शिक्षक अभ्यासमंडळ चालते. शाळेत नागरिकत्वाचे शिक्षण सक्तीचे करावे की नाही, हा वाद वर्तमानपत्रांनी कसा मांडला, या विषयावर तिथे तीन बैठका घेण्याचे मी कबूल करून बसलो होतो. घरच्या रद्दीतून हे काम होणार नव्हते, म्हणून पैसे मोजून सेवा घेतली.

दर असा होता : महिना ४५० रुपये, त्यात पाच शोधशब्द, रोजची कात्रणे ईमेलवर आणि आठवड्याचा छापील गठ्ठा कुरिअरने. जुन्या संग्रहातून शोध हवा असेल तर प्रत्येक वर्षामागे वेगळे पैसे. एकट्या माणसाला हा दर जड वाटतो, परंतु या सेवेचे खरे गिऱ्हाईक कंपन्या आणि त्यांची प्रसिद्धी सांभाळणाऱ्या संस्था हे आहेत, हे तिथे गेल्यावर पाच मिनिटांत कळते. माझ्यासारखा निवृत्त मास्तर हा त्यांच्या खातेवहीतला अपवाद होता.

तिथले काम पाहणे हा मात्र निखळ आनंद आहे. पहाटेच वाचकांची पाळी सुरू होते. दोन लांब टेबलांवर मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी वर्तमानपत्रांचे ढीग असतात. वाचणारा लाल पेनाने बातमीभोवती रेघ ओढतो, दुसरा ती कापतो किंवा आता बहुतेक वेळा स्कॅन करतो आणि तिसरा कोऱ्या कागदावर वर्तमानपत्राचे नाव, आवृत्ती, तारीख आणि पान क्रमांक घालून ती चिकटवतो. खाली बातमीने व्यापलेली जागा पट्टीने मोजून कॉलम सेंटीमीटरमध्ये लिहिली जाते आणि तेवढ्या जागेच्या जाहिरातीला किती पैसे पडले असते, तो आकडाही येतो. संविधानाच्या उद्देशिकेविषयीच्या बातमीखाली जाहिरातमूल्य छापलेले पाहून मला पहिल्या दिवशी हसू आले, दुसऱ्या दिवशी सवय झाली. चिकटवणी नीटनेटकी असते, तारखा चुकत नाहीत आणि छपाई स्वच्छ येते. सहा महिन्यांत एकाही कात्रणावर चुकीचे पान नोंदलेले मला आढळले नाही, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

अडचण सुरू होते ती शोधशब्दांपासून. माझी पहिली यादी अशी होती : नागरिकशास्त्र, नागरिकत्व, संविधान, घटना आणि सक्ती. पहिल्या आठवड्याचा गठ्ठा उघडला, तर त्यात नागरिकशास्त्र औषधालाही नव्हते. ‘घटना’ या शब्दाने घाटकोपरपासून गडचिरोलीपर्यंतच्या साऱ्या दुर्घटना, चोऱ्या आणि अपघात माझ्या दारात आणून टाकले होते, कारण ज्या शब्दाने आपण राज्यघटना म्हणतो त्याच शब्दाने ‘ही घटना काल रात्री घडली’ असेही म्हणतो. ‘नागरिकत्व’ या शब्दाने डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने संमत केलेल्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याच्या आणि त्यावरच्या खटल्यांच्या बातम्या येत राहिल्या. शाळेशी त्यांचा संबंध नव्हता. सुदैवाने मी ‘नागरिक’ एवढाच शब्द दिला नव्हता. तो दिला असता तर मुंबईतल्या प्रत्येक तुंबलेल्या गटाराची बातमी मला मिळाली असती, कारण ‘संतप्त नागरिक’ हा आपल्या वर्तमानपत्रांचा पावसाळी पाहुणा आहे.

आणि ‘सक्ती’! मी वर्गणी भरली त्याच महिन्यात, १६ एप्रिल २०२५ रोजी, राज्य शासनाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य करणारा निर्णय काढला. १७ जूनला त्यात बदल झाला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. त्या अडीच महिन्यांत ‘शाळा’ आणि ‘सक्ती’ हे दोन शब्द एकत्र आले की ते हिंदीविषयीच असत. रोज सकाळी ईमेल उघडावे आणि पुढाऱ्यांची छायाचित्रे पाहावीत, असा क्रम झाला. यात सेवेचा दोष नाही. मात्र या अनुभवातून माझ्या विषयाची एक बाजू मला आयतीच मिळाली. सक्ती हा शब्द मथळ्यात आला की बातमी पहिल्या पानाकडे सरकते आणि सक्ती कशाची, हे दुय्यम ठरते. मुलांनी तासाला काय वाचायचे, शिक्षकाने काय विचारायचे, त्याला किती गुण, याची बातमी व्हायला आधी कोणीतरी कोणावर तरी काहीतरी लादावे लागते.

शब्दांच्या बाबतीत सगळ्यात मोठी फसगत उद्देशिकेने केली. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०२० मध्ये परिपत्रक काढून २६ जानेवारीपासून शाळांच्या परिपाठात संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन अनिवार्य केले होते. तेव्हा वर्षा गायकवाड शालेय शिक्षणमंत्री होत्या. तसा निर्णय २०१३ मध्येच झालेला होता, अंमलबजावणी मात्र झाली नव्हती. माझ्या पहिल्या बैठकीचा हा मुख्य आधार, म्हणून २०२० च्या संग्रहाचे पैसे भरून मी ‘उद्देशिका’ हा शब्द दिला. हाती आली मोजकी कात्रणे. फोन केला, तेव्हा पलीकडच्या ताई अत्यंत नम्रपणे म्हणाल्या, “सर, तुम्ही सांगितलेला शब्द एवढ्याच ठिकाणी आहे.” त्यांचे म्हणणे खरे होते. कारण एक वर्तमानपत्र उद्देशिका लिहिते, दुसरे प्रास्ताविका, तिसरे सरनामा आणि काही बातमीदार घाईत ‘संविधान वाचन’ एवढेच लिहून मोकळे होतात. एकाच मजकुराला मराठीत तीन नावे आहेत आणि आपल्या शाळांतल्या भिंतींवरसुद्धा ती तिन्ही दिसतात. वर्षानुवर्षे मराठी वर्तमानपत्रे कापणाऱ्या सेवेला हे ठाऊक असायला हवे होते.

ठाऊक नव्हते असेही नाही. प्रश्न दराचा होता. पाचांहून अधिक शब्द दिले, तर प्रत्येक जादा शब्दाला महिन्याला ६० रुपये आणि प्रास्ताविका, सरनामा, उद्देशिका हे त्यांच्या हिशेबाने तीन शब्द. ‘समानार्थी शब्द म्हणजे नवा शब्द नव्हे’ असे मी त्यांना लेखी कळवले. तीन ईमेलनंतर तिन्ही मिळून एक शब्द धरण्याचे त्यांनी मान्य केले. या काळात माझे सतरा दिवस गेले, तरी शेवटी त्यांनी ऐकले आणि वर आधीच्या शोधाचे पैसे पुढच्या महिन्यात वळते करून दिले. अशी तक्रार करणारा पहिलाच ग्राहक आपण आहात, असेही मला सांगण्यात आले. ते ऐकून अभिमान वाटावा की काळजी, हे अजून ठरलेले नाही.

एकदा तिन्ही शब्द लागू झाल्यावर जानेवारी २०२० चा गठ्ठा भरघोस आला आणि तो वाचण्यासारखा होता. बहुतेक कात्रणांत तीनच गोष्टी होत्या : निर्णय काय, मंत्र्यांनी काय सांगितले आणि विरोधक काय म्हणाले. त्या वेळी नागरिकत्व कायद्याविरुद्ध मुंबईत ऑगस्ट क्रांती मैदानापासून आझाद मैदानापर्यंत आंदोलने झाली होती, त्यामुळे बातमीदारांनी उद्देशिकेचे वाचन त्याच चौकटीत बसवावे हे स्वाभाविक होते. पण वाचन म्हणजे काय होणार? राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार आणि बातम्या यांच्या रांगेत आणखी एक पाठांतर, की ‘गणराज्य’ या शब्दापाशी दोन मिनिटे थांबणे? शाळेच्या पटांगणात उभ्या असलेल्या कोणत्याही शिक्षकाला पहिला प्रश्न हाच पडला असता. माझ्या गठ्ठ्यात तो जवळजवळ नव्हता. महिनाभरातच, फेब्रुवारी २०२० मध्ये, विधिमंडळाने सर्व शाळांत मराठी विषय सक्तीचा करणारा कायदा संमत केला आणि ‘सक्ती’ची सारी कात्रणे त्या वाटेने निघून गेली. उद्देशिकेचे पुढे काय झाले, याचा पाठपुरावा करणारे कात्रण मार्चच्या गठ्ठ्यात शोधूनही मिळाले नाही. मार्चमध्ये शाळाच बंद झाल्या, हे कारण मी मान्य करतो.

या सेवेची आणखी एक सोय म्हणजे प्रत्येक कात्रणावर ‘सूर’ नोंदवलेला असतो : सकारात्मक, नकारात्मक किंवा तटस्थ. साबणाच्या वडीसाठी ती उपयोगी असेल. माझ्या विषयात तिने काय केले, ते सांगतो. जुलै २०२० मध्ये, टाळेबंदीमुळे, केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने नववी ते बारावीचा अभ्यासक्रम ३० टक्क्यांपर्यंत कमी केला आणि अकरावीच्या राज्यशास्त्रातून नागरिकत्व, राष्ट्रवाद, धर्मनिरपेक्षता आणि संघराज्य या विषयांची प्रकरणे त्या वर्षापुरती वगळली. मंडळाने नंतर खुलासा केला की ही कपात फक्त २०२०-२१ या वर्षाच्या परीक्षेपुरती आहे. तरीही नेमकी हीच प्रकरणे का, यावर देशभर चर्चा झाली. माझ्याकडे आलेल्या कात्रणांपैकी एका ठळक मथळ्याच्या बातमीवर ‘सकारात्मक’ असा शिक्का होता, कारण मथळ्यात ‘दिलासा’ हा शब्द होता. खाली आतल्या पानावर छोट्या टंकात वगळलेल्या प्रकरणांची नावे होती. शिक्का मारणाऱ्याने मथळा वाचला, पान उलटले नाही. पण रागावणार कोणावर? बहुतेक वाचकही तेवढेच वाचतात.

आता जिथे सेवा खरोखर खुलून येते, त्या भागाकडे वळतो. मे २०१२ चे प्रकरण वाचकांना आठवत असेल. शालेय पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात व्यंगचित्रकार शंकर यांचे १९४९ मधील एक व्यंगचित्र होते, ज्यात संविधाननिर्मितीच्या संथ गतीवरून गोगलगायीवर बसलेले डॉ. आंबेडकर आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू दाखवले होते. त्यावरून संसदेत गदारोळ झाला, कपिल सिब्बल मनुष्यबळ विकास मंत्री होते, त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, पुस्तकाचे मुख्य सल्लागार असलेल्या सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले आणि पुणे विद्यापीठातल्या पळशीकरांच्या कार्यालयाची तोडफोड झाली. पुढे पुस्तकांतल्या व्यंगचित्रांची तपासणी करण्यासाठी सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २०१२ ची ही कात्रणे अजून हातांनी कापलेली होती आणि कापणाऱ्याला जाण होती. त्याने मूळ बातम्यांबरोबर अग्रलेख, वाचकांची पत्रे, आतल्या पानावरचे एखादे शिक्षकाचे टिपण असे सारे एका धाग्यात ओवले होते. व्यंगचित्र अपमानकारक आहे असे म्हणणारी, ते वर्गात चर्चेसाठीच ठेवले आहे असे म्हणणारी आणि दलित विद्यार्थ्याने वर्गात ते पाहताना त्याला काय वाटेल असे विचारणारी, अशी तिन्ही बाजूंची पत्रे त्यात होती. सक्तीच्या पाठ्यपुस्तकाचा वाद म्हणजे अखेर वर्गातल्या एका बाकाचा वाद आहे, हे मला त्या तिसऱ्या प्रकारच्या पत्रांनी दाखवले. दुसरी बैठक पूर्णपणे याच गठ्ठ्यावर झाली आणि ती सर्वांत रंगली. तिथे एका तरुण शिक्षिकेने ‘मी ते चित्र वर्गात दाखवले नसते’ असे सांगितले, तेव्हा खोलीत दोन तट पडले आणि चहा थंड झाला.

याच्या तुलनेत जून २०२३ चा संच पाहा. लोकशाही आणि विविधता, लोकलढे आणि चळवळी, लोकशाहीपुढील आव्हाने ही दहावीची प्रकरणे एनसीईआरटीच्या पुस्तकातून गळाल्यानंतर त्याच पळशीकर आणि यादव यांनी पुस्तकांवरून आपली नावे काढून टाकावीत अशी मागणी केली. एवढी मोठी गोष्ट, पण यंत्राने, म्हणजे संगणकाने, निवडलेल्या संचात एकाच वृत्तसंस्थेची बातमी निरनिराळ्या आवृत्त्यांतून पुन्हा पुन्हा आलेली होती. मुंबई, ठाणे, नाशिक, नागपूर : मथळा तोच, मजकूर तोच, फक्त कॉलम सेंटीमीटर वेगळे. पाने भरपूर, वाचायला एक. त्यातली वाचकांची पत्रे यंत्राने घेतलीच नव्हती, कारण पत्रलेखक क्वचितच संस्थेचे पूर्ण नाव लिहितो. तो ‘हे पुस्तकवाले’ असे लिहितो.

परदेशी बातम्यांसाठी वेगळे दर नाहीत, ही चांगली बाब आहे. मी इंग्लंड आणि हाँगकाँग ही दोन उदाहरणे मागवली होती. हाँगकाँगमध्ये २०१२ साली ‘नैतिक आणि राष्ट्रीय शिक्षण’ हा विषय सक्तीचा करण्याच्या योजनेविरुद्ध शाळकरी मुलेच रस्त्यावर उतरली आणि ८ सप्टेंबरला, म्हणजे तिथल्या विधानपरिषदेच्या निवडणुकीच्या आदल्या दिवशी, सरकारने सक्तीची मुदत मागे घेतली. त्याची कात्रणे आली ती मुख्यतः छायाचित्रांची. इंग्लंडचे प्रकरण शांत असूनही अधिक बोलके निघाले. बर्नार्ड क्रिक यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल १९९८ मध्ये आला आणि सप्टेंबर २००२ पासून माध्यमिक शाळांत ‘सिटिझनशिप’ हा विषय बंधनकारक झाला. तिथेही सुरुवातीला वाद झाले, पण बातम्या तिथेच थांबल्या नाहीत. शाळा तपासणाऱ्या ऑफस्टेड या यंत्रणेने २००६ मध्ये अहवाल देऊन पाहणीतल्या सुमारे चतुर्थांश शाळांत हा विषय असमाधानकारकपणे शिकवला जात असल्याचे म्हटले, त्याची बातमी झाली. २००७ मध्ये कीथ अजेग्बो यांचा विविधतेविषयीचा अहवाल आला, त्याचीही झाली. म्हणजे कोणीतरी वर्गात जाऊन पाहिले आणि लिहून ठेवले, म्हणून वर्तमानपत्रालाही पुन्हा त्या वर्गात जाण्याचे निमित्त मिळाले. आपल्याकडे निर्णयाचा दिवस असतो, निषेधाचा दिवस असतो, निर्णय मागे घेण्याचाही असतो. चौथा दिवस नेमून दिलेला नाही, मग बातमीदार तरी तिथे कशाला जाईल?

या निमित्ताने एक आडवळण घेतो. आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका गिरगावात राहतात. त्यांना आम्ही आजही बाईच म्हणतो. त्यांनी गेली पन्नासएक वर्षे स्वतः कापलेली कात्रणे बिस्किटांच्या डब्यांत ठेवली आहेत. माझे छापील गठ्ठे घेऊन मी त्यांना दाखवायला गेलो, तेव्हा त्यांनी काही न बोलता एक डबा पुढे केला. त्यात नागरिकशास्त्रावरची कात्रणे थोडी होती, पण बहुतेक वाचकांच्या पत्रांतली होती : इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून दहावीला ४० गुणांची एकच प्रश्नपत्रिका, त्यामुळे इतिहास पुरा करण्यासाठी राज्यशास्त्राच्या तासिका कशा वापरल्या जातात, मूलभूत कर्तव्ये मुलांना तोंडपाठ आहेत, पण वॉर्ड ऑफिस कुठे आहे ते माहीत नाही, अशा स्वरूपाची. कडेला बाईंच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. एका कात्रणाशेजारी त्यांनी फक्त “आपल्याकडेही” असे लिहिले होते. जाहिरातमूल्याच्या जागी ते वाचताना मला बरे वाटले. बाई म्हणाल्या, “तू पैसे भरून जे मागवलंस ना, ते भांडण आहे. विषय यात आहे.” मी वाद घातला नाही, कारण भांडणाचे वृत्तांकन हाच माझा विषय होता. तरी तिसऱ्या बैठकीला डबा घेऊन गेलो.

तेव्हा ही सेवा कोणी घ्यावी? ज्याला ठरावीक तारखेच्या, ठरावीक वादाच्या, ठरावीक नावांच्या बातम्या झटपट आणि पुराव्यासह हव्या आहेत, त्याने जरूर घ्यावी. संशोधक विद्यार्थ्यांना दर परवडणार नाही. त्यांनी चार-पाच जणांत एक वर्गणी भरावी, त्याला सेवेची हरकत नाही. घेताना शब्दयादी स्वतः करावी, प्रत्येक शब्दाची मराठीतली सारी रूपे आधीच लिहून द्यावीत, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसह द्यावीत, कारण ‘नागरीकशास्त्र’ असेही छापले जाते आणि यंत्र ते वेगळे मानते. समानार्थी शब्द एकच धरण्याचे लेखी आश्वासन घ्यावे. ‘सूर’ हा रकाना बंद करून मागावा. २०१५ पूर्वीचा संग्रह हातांनी निवडलेला आहे, तो आवर्जून पाहावा. त्यानंतरच्या संग्रहात एकच बातमी अनेकदा मोजावी लागेल, याची तयारी ठेवावी. शोधणाऱ्या माणसांचा स्वभाव सौम्य आहे, फोन उचलला जातो, चूक दाखवली की मान्य होते. पाचपैकी तीन तारे देतो. २०१२ च्या गठ्ठ्यासाठी अर्धा वाढवून साडेतीन.

सप्टेंबरअखेर वर्गणी संपली, तेव्हा मी आणखी तीन महिने वाढवली. यादीतून ‘सक्ती’, ‘घटना’, ‘संविधान’ आणि ‘नागरिकत्व’ काढून टाकले आणि ‘नागरिकशास्त्र’, ‘तासिका’ आणि उद्देशिकेची तीन नावे एवढेच ठेवले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याचे पाकीट आले, ते इतके हलके होते की कुरिअरवाल्याने आत काही आहे ना, असे विचारले. आत दोन कात्रणे होती. एक शिक्षकांच्या वाढत्या कामाविषयीची बातमी, पान सात. दुसरी खासगी शिकवणीची जाहिरात, ‘इतिहास-नागरिकशास्त्र हमखास गुण’. तिच्याखाली जाहिरातमूल्य नेहमीप्रमाणे नीट मोजून लिहिलेले होते.